दोन भोकांचा साचा

१२ फेब्रुवारी, शनिवार

साचा पडला!

हातातून नाही. बाकाच्या कडेला ठेवला होता, तिथून घसरला. सरळ सिमेंटवर, आणि तोही कोपऱ्यावर. गॅरेजात असा दणका झाला की वरून मिली ओरडली, "गस! काय पाडलंस?"

"काही नाही. पाना पडला."

पन्नास वर्षांच्या संसारात बायकोशी खोटं बोललो तर ते पान्यावरून.

अडतीस वर्षांचा साचा. लोखंडी, चार भोकांचा. त्यातून पिस्तुलाच्या किती गोळ्या ओतल्या त्याला गणती नाही. आता दोन्ही अर्धे एकमेकांना चिकटत नाहीत. दिव्यासमोर धरला तर मधून उजेड दिसतो. जिथून उजेड येतो तिथून शिसंही येतं. तरी वीस गोळ्या ओतून पाहिल्या. प्रत्येक गोळीच्या अंगाला माशासारखा पर! बोटांत फिरवली तरी कळतं की गोळी वाटोळी नाही. अशी गोळी पन्नास यार्डांवर कुठे जाईल ते देवालाही सांगता येणार नाही.

हा साचा बनवणारे केव्हाच दुकान बंद करून गेले. म्हणजे नवा घ्यायचा. म्हणजे निवडायचा. कुठला?

क्लबाच्या नेमबाजी संघाची निवड चाचणी ३० एप्रिलला. अकरा आठवडे उरले.

१३ फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये फादर काय बोलले ते ऐकूच आलं नाही. सपाट बुडाची गोळी की कडा तासलेली?

१७ फेब्रुवारी, गुरुवार

क्लबात गेलो. थंडीत आम्ही तळघरातच, जवळच्या पल्ल्यावर नेमबाजी करतो. जुन्या साच्याच्या उरलेल्या गोळ्या नेल्या होत्या. शंभरपैकी अठ्ठ्याहत्तर. इतक्या जवळून अठ्ठ्याहत्तर! वीस वर्षांपूर्वी इतक्या जवळून मी डोळे मिटून नव्वद मारायचो.

लोर्नाने सगळ्यांना कॉफीच्या टेबलाशी बोलावलं. लोर्ना फिश्टर आमची कर्णधार. रोज शाळेची बस चालवते, त्यामुळे आमच्याशीही बसमधल्या पोरांशी बोलावं तसंच बोलते. म्हणाली, "चौदा मेला नदीपलीकडचा क्लब येतोय. सहा वर्षं ते जिंकताहेत आणि सहा वर्षं मी त्यांच्या बायकांनी केलेला केक हसत हसत खातेय. यंदा नाही. तीस एप्रिलची चाचणी लक्षात आहे ना? सगळ्यांनी द्यायची. बाहेरच्या मैदानावर, पन्नास यार्ड, दहा गोळ्या. ऐंशीच्या खाली जो येईल त्याच्या जागी रूडी."

रूडी तिथेच डोनट खात होता. तो घास गिळायचा थांबला. पस्तिशीचा आहे, भला माणूस आहे. मला तो आवडतो. आज नाही आवडला.

बाकीचे पांगल्यावर लोर्ना माझ्यापाशी आली. "गस, पाटीवरचं तुमचं नाव मी पुसणार नाही. पुसलं तर आकडाच पुसेल."

पाटी दाराच्या आतल्या बाजूला आहे. संघातल्या चौघांची नावं, दर वर्षाची. १९६९ पासून प्रत्येक ओळीत जी. पेट्रिस्को.

मी तिला साचा पडल्याचं सांगितलं. मागे उभ्या चेटने ऐकलं. चेट वोइनार. गिरणीच्या हत्यारखान्यात चाळीस वर्षं लेथ चालवली, आता फक्त जीभ चालवतो. "नाचता येईना, अंगण वाकडं!" म्हणाला. "आणि ह्याचं अंगण तर चार भोकांचं!" सगळे हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत हसणं तोंडावर तसंच राहिलं होतं.

१९ फेब्रुवारी, शनिवार

तीन दिवस कॅटलॉग चाळतोय. मिली म्हणते, "आपली पोरगी नवरा निवडत होती तेव्हा तू इतका विचार केला नव्हतास."

पण विचार करायलाच हवा! लोखंडाचा साचा टिकतो, पण जड आणि गंजतो. पितळेचा सगळ्यांत देखणा, गोळी आरशासारखी निघते, पण त्याचं वजन! हातात धरून शंभरदा उघडझाप करायची म्हणजे मनगट गेलं. ॲल्युमिनियमचा हलका, पटकन तापतो, पण नाजूक, जरा आडवातिडवा ठोकला की संपला. भोकं दोन, चार की सहा? गोळी दोनशे ग्रेन वजनाची की थोडी हलकी? आणि बूड? कडा तासलेलं बूड असलं की गोळी काडतुसाच्या पितळी टोपीत सुरेख बसते, पण जुने म्हणायचे, नेम बुडातच असतो. गोळी नळीतून सुटते तेव्हा शेवटी बूड सुटतं. बूड जरा तिरकं असलं की पुढचं सगळं तिरकं. सपाटच घ्यावं.

मी शाळा आठवीपर्यंत. पण साचे मला कळतात. बाटल्यांच्या कारखान्यात एकेचाळीस वर्षं साचे पुसले. तापलेल्या साच्यात तेलाचा बोळा फिरवायचा, बोट न भाजता. साचा थंड असला की काच सुरकुतते, फार तापला की चिकटते. शिशाचंही तेच. साच्याला काय हवंय ते त्याच्याकडे बघून कळतं.

मग निवडता का येत नाही?

२२ फेब्रुवारी, मंगळवार

लोर्ना बस घेऊनच दारात! पोरं सोडून परत जात होती. तिचा सहा भोकांचा साचा आणून दिला. "वापरून बघा, गस. एका तासात पाचशे गोळ्या. तुमच्या चमच्या-चमच्याने ओतण्याने तर पुढची निवडणूक येईल."

म्हटलं, चमचा नाही, पळी म्हणतात.

"पळी. बरं. देवळातली घंटा म्हणा हवं तर. ओता फक्त!"

२६ फेब्रुवारी, शनिवार

ओतल्या. नाही जमलं. सहा भोकं म्हणजे हावरटपणा आहे. पहिली चार भरतात, शेवटची दोन अर्धी. साचा लांबलचक, मुठीपासून दूर, टोकाला हलतो. वर शिसं अजून ओलं असताना साचा हलला की गोळी गेलीच. ऐंशीपैकी तीस ठेवल्या, बाकी परत भट्टीत.

थंडी होती. गॅरेजात हात गारठतात. भट्टीशेजारी गारठतात का? हो, पाठीमागून वारा येतो.

ठरलं. दोन भोकांचा. ॲल्युमिनियमचा. हलका, आखूड, मुठीजवळ. मंद गतीने होईल, होऊ दे. कारणं लिहून ठेवतो म्हणजे उद्या परत घोळ नको: एक, ताप सारखा राहतो. दोन, गोळी-गोळीत फरक पडत नाही. तीन, हलका.

तिसरं कारण लोर्नाला सांगायचं नाही.

२८ फेब्रुवारी, सोमवार

पश्चिमेकडे डोंगरात एक माणूस आहे, एकटाच साचे कापतो. आपण माप द्यायचं, तो त्या मापाचा साचा देतो. पण एकदा कापला की परत घेत नाही. बरोबरच आहे, दुसऱ्याच्या मापाचा कोट कोण घेईल.

माप आपल्या पिस्तुलाचं. नळी साफ करून, तेल लावून, मऊ शिशाची एक गोळी लाकडी हातोडीने ठोकत ठोकत ह्या तोंडातून त्या तोंडाला काढायची. नळीच्या आतल्या खाचा तिच्या अंगावर उमटतात. ती मायक्रोमीटरने मापायची. इंचाचे हजार भाग केले तर त्यातले किती ते कळतं. त्यात एक वाढवायचा. ते साच्याचं माप.

ठोकली. निघाली. मापली. चारशे त्रेपन्न. आकडा पुढेमागे झाला असेल म्हणून परत मापली. चारशे पन्नास! परत, चारशे त्रेपन्न. परत, चारशे एक्कावन्न. तीच गोळी, तेच यंत्र, तोच बाक! ह्याचा अर्थ काय? नळी एकच आहे ना?

यंत्र जुनं झालं. दुसरं काय.

चारशे त्रेपन्न दोनदा आलं, म्हणून तेच धरलं. एक मिळवून चारशे चौपन्न लिहिलं, चेक जोडला, पाकीट बंद केलं आणि टपालपेटीत टाकून आलो. उगाच रेंगाळलो असतो तर आठवडा गेला असता.

१ मार्च, मंगळवार

घाई केली.

३ मार्च, गुरुवार

मायक्रोमीटर आणि ती ठोकलेली गोळी घेऊन चेटकडे गेलो. म्हटलं, ह्यानेच मापून डोंगरातल्या साचेवाल्याकडे माप पाठवलंय, यंत्र बिघडलंय, बघ. त्याने गोळी बोटांत धरली, यंत्र लावलं. चारशे एक्कावन्न. फिरवून परत, चारशे एक्कावन्न. तिसऱ्यांदा, चारशे एक्कावन्न.

"यंत्र ठणठणीत आहे," म्हणाला. "आता तू माप."

मी मापलं. चारशे चौपन्न.

चेट काहीच बोलला नाही. चेट! ज्याने आपल्या बायकोच्या दफनाला फादरना शवपेटीचे खिळे मोजून दाखवले तो चेट काही बोलला नाही. फक्त माझ्या हाताकडे बघत होता. मग म्हणाला, "कॉफी घेतोस?" मी म्हणालो, नको, मिली वाट बघतेय. मिली चर्चच्या तळघरात पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, करायला गेली होती. त्यालाही ते माहीत होतं.

म्हणजे मी चुकीचं माप पाठवलं! चौपन्नची गोळी त्या नळीत घुसणारच नाही नीट, पिस्तूल दर दुसऱ्या गोळीला अडेल. बावन्न हवं होतं. घरी येऊन साचेवाल्याला फोन केला. यंत्रावर त्याचा आवाज: नाव सांगा, निरोप सांगा. मला यंत्राशी बोलता येत नाही. "पेट्रिस्को... पेनसिल्व्हेनिया... ते माप..." एवढं बोललो आणि पुढे काय ते सुचेना. कुठल्या तोंडाने सांगू की मला मापता येत नाही? ठेवला फोन.

९ मार्च, राखेचा बुधवार

उपासाचे दिवस सुरू. कपाळाला राख लावून घेतली. फादर म्हणाले, "तू माती आहेस हे लक्षात ठेव." लक्षात आहे. बाकीचं राहत नाही.

११ मार्च, शुक्रवार

उपासाचा शुक्रवार. चर्चच्या तळघरात तळलेला मासा आणि मिलीच्या हातच्या पिरोगी. सगळा क्लब तिथेच. ताट घेऊन टेबलापर्यंत गेलो आणि तेवढ्यात कोबीची कोशिंबीर अर्धी सांडली. लोर्नाने बघितलं नाही असं दाखवलं. रूडी उठून कागदी रुमाल घेऊन आला. भला माणूस आहे म्हटलं ना. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

मिली हल्ली माझा कॉफीचा कप अर्धाच भरते. कधीपासून? मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. आज गाडीत म्हणाली, "डॉक्टरला दाखवू या."

"कशासाठी?"

"तुला माहीत आहे कशासाठी."

"थंडी आहे गं."

"गाडीत हीटर चालू आहे, गस."

मी हीटर बंद केला.

१८ मार्च, शुक्रवार

साच्याचा पत्ता नाही. कापला असेल आता. चौपन्नचा.

१९ मार्च, शनिवार

टायरच्या दुकानातून चाकांना लावायच्या जुन्या वजनांचा डबा आणला. त्यातूनच आम्हाला शिसं मिळतं. हल्ली त्यात जस्ताची वजनं मिसळलेली असतात. एक जरी भट्टीत गेलं की सगळं शिसं लापशीसारखं होतं, गोळी भरतच नाही. म्हणून पकडीने एकेक दाबून बघायचं. शिसं दबतं, जस्त नाही. दुपारभर तेच केलं. पकड डाव्या हातात घेतली. काम पटापट झालं.

लहानपणी मी सगळं डाव्या हाताने करायचो. सिस्टर बेनिग्नाने दुसरीत डावा हात ॲप्रनच्या नाडीने बाकाला बांधला. "हा सैतानाचा हात." उजव्याने लिहायला शिकेपर्यंत तो तिथेच बांधलेला असायचा. चुकून सुटला तर पट्टी. पुढे सगळं उजव्याने आलं. लिहिणं, जेवणं, क्रूसाची खूण, पिस्तूल. फक्त पळी तेवढी डाव्या हातात राहिली. बाटल्यांच्या कारखान्यातही बोळा डाव्यानेच फिरवायचो. तिथे सिस्टर नव्हती.

आज हे का आठवलं कुणास ठाऊक.

२५ मार्च, शुक्रवार

त्या दिवशी साचा हातातून पडला. बाकावरून नाही. उजव्या हातातून.

इथे तरी खरं लिहावं.

२ एप्रिल, शनिवार

क्लबाची वसंतातली सफाई. नेमाच्या कागदांमागच्या मातीच्या बंधाऱ्यातून वर्षभराच्या गोळ्या उकरायच्या, चाळायच्या, शिसं वाटून घ्यायचं. तेच शिसं परत ओततो, परत त्याच बंधाऱ्यात मारतो. चाळणीवर चेट म्हणाला, "ह्यात अजून बिलची गोळी निघेल बघ." बिल मरून नऊ वर्षं झाली. "ओळखशील कशी?" मी विचारलं. "तीच. जी दहाच्या वर्तुळाजवळपासही गेली नाही." मला फावडं दिलं नाही कुणी. चाळणीवर बसवलं.

५ एप्रिल, मंगळवार

साचा आला!

बुटाच्या खोक्याएवढं पार्सल. एक तास उघडलंच नाही. मिली म्हणाली, "त्यात साप आहे का?" उघडलं. देखणा आहे. धार बघितली, बूड बघितलं. सपाट. मिटवून दिव्यासमोर धरला. उजेडाचा केससुद्धा नाही.

बाजूला कोरलेलं माप वाचलं. चारशे बावन्न.

मी चौपन्न पाठवलं होतं! चष्मा पुसून परत वाचलं. बावन्नच. खाली चिठ्ठी: "पेट्रिस्को साहेब, तुमच्या मित्राने फोनवर सांगितल्याप्रमाणे माप बदललं. मूठही आखूड लावली आहे. मित्र फार बोलतात. नेम लागो."

मित्र. म्हणजे चेट त्या दिवशी मी निघाल्याबरोबर फोनपाशी गेला. एक महिना तोंड बंद ठेवलं. त्या माणसाने!

मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झाला. मग वाटलं, म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. कप, फावडं, रुमाल. मी एकटाच थंडी थंडी करत बसलो होतो.

चेटला फोन केला नाही. काय बोलू?

९ एप्रिल, शनिवार

ओतल्या! सकाळपासून दुपारपर्यंत. गॅरेजचं दार सताड उघडं, पंखा बाहेरच्या तोंडाने. आधी भोकांना मेणबत्तीची काजळी धरली. पहिल्या दहा जोड्या सुरकुतलेल्या, साचा थंड होता म्हणून. मग तो तापला आणि मला कळलं. बघूनच कळतं. शिसं वर पडतं, क्षणभर आरसा दिसतो, मग त्यावर धुकं धरतं. धुकं धरलं की वरचं जादा शिसं कापणाऱ्या दांडीवर लाकडाची टिचकी, साचा उघडायचा, फडक्यावर दोन गोळ्या टपटप. साचा उजव्या हातात होता, पण मूठ बाकाच्या कडेला टेकवून. आखूड मूठ! पळी डावीकडून. एक थेंबही बाहेर नाही.

दोनशे चाळीस गोळ्या. चेटच्या यंत्राने मापल्या असत्या तर सगळ्या बावन्नच निघाल्या असत्या. मी मापल्या नाहीत.

मिली सँडविच घेऊन आली आणि पायरीवर बसून बघत राहिली. म्हणाली, "असं शांत बसलेलं तुला दोन महिन्यांत पाहिलं नव्हतं." मग, "हात धू आधी. शिशाचे हात."

१६ एप्रिल, शनिवार

ट्राउटच्या मासेमारीचा पहिला दिवस. सगळं गाव ओढ्यावर. म्हणूनच आज मैदानावर गेलो. कुणी नको होतं.

पन्नास यार्ड. आमची नेमबाजी एका हाताची. उजवा हात लांब, डावा पँटच्या खिशात. साठ वर्षं असाच उभा राहिलो. नव्या साच्याच्या दहा गोळ्या. चालत जाऊन कागद पाहिला. एकसष्ट. दोन तर कागदालाच लागल्या नव्हत्या!

गोळीचा दोष असेल? शिसं मऊ? काडतुसातली दारू कमी? परत आलो तर माझ्या टेबलाशी चेट. अंगावर मासेमारीचा कोट, हातात गळ नाही.

"मासे?" मी विचारलं.

"मासे मला ओळखतात. येत नाहीत. कागद दाखव."

दाखवला. त्याने बघितला, घडी केली, खिशात घातला. "तुझं पिस्तूल दे. आणि तुझ्या गोळ्या."

चेटचे डोळे अधू, गुडघे गेलेले, पाच वर्षांत त्याने नव्वद मारलेले नाहीत. उभा राहिला, श्वास सोडला, दहा गोळ्या. चालायला त्याला वेळ लागला. मी मागे गेलो नाही. तो कागद घेऊन आला. चौऱ्याण्णव. काळ्या वर्तुळात कॉफीच्या बशीएवढ्या जागेत सगळ्या.

"उत्तम साचा आहे, गस," म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. तीच हवी होती मला.

मग आम्ही गाडीच्या मागच्या फळीवर बसून त्याच्या थर्मासमधली कॉफी प्यायलो. त्याने माझा कप अर्धाच भरला.

१७ एप्रिल, रविवार

साचा उत्तम आहे. पिस्तूल उत्तम आहे. दारू उत्तम आहे.

२१ एप्रिल, गुरुवार

डॉक्टर. मिलीने विचारलं नाही, सरळ गाडीत बसवलं. शिशासाठी रक्त तपासलं. थोडं जास्त आहे, पण ते कारण नाही, म्हणाला. मला खोलीत चालायला लावलं. बोटं टिचकवायला लावली, आधी उजवी, मग डावी. मग कागद दिला. "एक वाक्य लिहा, मनाला येईल ते." मी लिहिलं: गोळी नळीतून सुटते तेव्हा शेवटी बूड सुटतं. त्याला ते वाक्य कळलं नाही, पण अक्षराकडे बोट दाखवलं. सुरुवातीला मोठं, शेवटी मुंगीएवढं.

नाव सांगितलं त्या दुखण्याचं. माझ्या बापाच्या भावाला होतं ते. गोळ्या दिल्यात. ह्या गोळ्या पोटात घ्यायच्या. मिलीने पुढे बरंच काय काय विचारलं. माझ्या डोक्यात एवढंच राहिलं: "बहुधा एका बाजूने सुरू होतं. दुसरी बाजू कधी धरेल ते सांगता येत नाही. वर्षं जातात कधीकधी."

घरी येऊन ही वही मागे मागे उलटली. गेल्या सप्टेंबरात एका पानावर वीस ओळी. आता चाळीस बसतात. मी समजत होतो, कागद वाचवतोय.

२४ एप्रिल, ईस्टर

फादरनी ईस्टरच्या टोपलीतलं हॅम, अंडी, लोण्यात घडवलेलं कोकरू आशीर्वाद देऊन दिलं. पोरीचा फोन. तिला मिलीने आधीच सांगितलेलं. "पपा, नेमबाजी सोडणार का आता?" म्हटलं, शनिवारी चाचणी आहे. ती म्हणाली, "तुम्ही कुणाचं ऐकलंय कधी!"

ऐकलंय. सिस्टर बेनिग्नाचं.

३० एप्रिल, शनिवार

चाचणी. सगळे आले होते. माघार घेता आली असती. मिली म्हणाली, घे. चेट म्हणाला, घेऊ नकोस. मी गेलो.

अठ्ठावन्न.

लोर्नाने आकडा मोठ्याने वाचला, जसा बाकीच्यांचा वाचला. त्याबद्दल तिचे आभार. खालच्या आवाजात वाचला असता तर मी तिथेच मेलो असतो. रूडीने शहाऐंशी मारले. माझ्या गोळ्यांनी! सकाळी मीच त्याला पन्नास दिल्या होत्या. त्याच्या पिस्तुलालाही बसतात. हात पुढे केला तर तो रडवेला. "मिस्टर पेट्रिस्को, मला असं नको होतं." म्हटलं, "मला कुठं हवं होतं? नीट मार चौदा तारखेला. ट्रिगर ओढू नकोस, दाब."

लोर्ना गाडीपर्यंत आली. "संघाच्या सगळ्या गोळ्या तुम्हीच ओता, गस. चारशे लागतील. तुमच्यासारखा ओतारी..."

"कीव नको, लोर्ना."

"कीव? मी सहा भोकांच्या साच्याने ओतते. माझ्या गोळ्या बघा एकदा. कीव माझी करा!"

१९६९ पासून पहिल्यांदा. यंदाच्या ओळीत जी. पेट्रिस्को नाही.

३ मे, मंगळवार

बसवत नाही, उठवत नाही. गवत कापलं. परत कापलं.

७ मे, शनिवार

चारशे ओतल्या. चेट मदतीला आला, म्हणजे स्टुलावर बसून बोलत राहिला. एक वाजता बोलायचा थांबला. मला वाटलं, झोप लागली. बघतो तर माझ्या पळीकडे टक लावून.

"तीन तास झाले," म्हणाला. "बाक बघ."

बघितला. "काय आहे?"

"काहीच नाही! एक थेंब नाही. भोक पेन्सिलीएवढं, पळी काठोकाठ, आणि थेंब नाही. हे कुठल्या हाताने करतोस, म्हाताऱ्या?"

मी पळी खाली ठेवली.

"आणि तोच हात," चेट म्हणाला, "साठ वर्षं खिशात घालून काय उबवतोयस?"

म्हटलं, मूर्खासारखं बोलू नकोस. सत्त्याहत्तराव्या वर्षी! तो खांदे उडवून घरी गेला. पण जाताना पिस्तुलाची पेटी बाकावर उघडी ठेवून गेला.

८ मे, रविवार

मिलीसमोर बसून सूप प्यायलो. डाव्या हाताने. तिने पाहिलं. आज कप काठोकाठ भरला.

१५ मे, रविवार

हे अक्षर माझंच आहे. मोठं आणि वाकडं, दुसरीतल्या पोराचं. पानावर दहा ओळी बसल्या तर खूप.

काल आपला क्लब तीन गुणांनी जिंकला. रूडी सत्त्याऐंशी. केक त्यांच्या बायकांनीच आणलेला. सगळे आत खायला गेल्यावर चेट आणि मी मैदानावर थांबलो. पन्नास नाही, पंचवीस यार्ड. दहा गोळ्या. सदुसष्ट. दहाही कागदावर.

उजवा हात खिशात.